सर्कशीमुळे फायनल कवायत हॉलमध्ये! न्यूयॉर्कच्या ६९व्या रेजिमेंटच्या आर्मरीची गोष्ट

नमस्कार मंडळी!

१९५१ चा एप्रिल महिना. एनबीए, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलची फायनल चालू आहे. न्यूयॉर्क निक्स विरुद्ध रॉचेस्टर रॉयल्स. निक्सची घरची मॅच म्हणजे ती मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्हायला हवी. पण गार्डन मोकळं नव्हतं, कारण तिथं सर्कस आली होती. सर्कस दर वसंतात यायची, तिच्या तारखा आधीपासून ठरलेल्या असायच्या, आणि बास्केटबॉलची तेव्हाची पत एवढीच, की हत्तींना कुणी हलवलं नाही, फायनललाच हलवलं.

कुठं हलवली? लष्कराच्या कवायत हॉलमध्ये.

त्या मालिकेत निक्स पहिल्या तीन मॅच हरले, पुढच्या तिन्ही जिंकले आणि सातवी रॉचेस्टरला जाऊन ७९-७५ अशी हरले. मला बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण ज्या हॉलमध्ये हा सगळा प्रकार झाला तो मात्र मला सोडवत नाही. आजचा व्हिडिओ त्याच्यावर.

(नकाशा: मॅनहॅटन, लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू, २५वा आणि २६वा रस्ता)

पत्ता आहे ६८ लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू. इमारतीचं नाव सिक्स्टी-नाइन्थ रेजिमेंट आर्मरी. आर्मरी म्हणजे रेजिमेंटची शस्त्रं ठेवायची आणि कवायत करायची इमारत. १९०४ ते १९०६ या काळात बांधलेली. पुढच्या भागात कचेऱ्या, प्रत्येक कंपनीच्या खोल्या, रायफली ठेवायची जागा. आणि मागं, जवळजवळ सगळा प्लॉट व्यापून, एक अवाढव्य हॉल.

आता आपल्याला पहिला प्रश्न पडतो, की कवायतीला हॉल कशाला हवा? आपल्याकडे कवायत उघड्यावर. एनसीसीची असो, पोलिसांची असो, नाहीतर शिवाजी पार्कवरची २६ जानेवारीची परेड असो. मुंबईत तर किल्ल्यासमोर तोफांना मारा करायला मोकळं रान ठेवलेलं होतं, त्याचेच तुकडे म्हणजे आजचं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल. मैदान आहे, पावसाचे चार महिने सोडले तर हवा बरी आहे, मग छप्पर कशाला?

मॅनहॅटनमध्ये यातलं काहीच नाही. जमीन सोन्याच्या भावाची, हिवाळ्यात बर्फ, पाच वाजता अंधार. आणि मुख्य म्हणजे हे सैनिक पूर्णवेळ सैनिक नव्हेत. ही राज्याची मिलिशिया, जिला पुढं नॅशनल गार्ड म्हणू लागले. दिवसा कुणी कारकून, कुणी गवंडी, कुणी गोदीत हमाल, आणि ठरलेल्या संध्याकाळी गणवेश चढवून कवायतीला हजर. त्यांना शहराबाहेर दहा मैलांवर बोलावलं तर कोण येणार? म्हणून हॉल हवा भरवस्तीत, छपराखाली आणि दिव्याच्या उजेडात.

आणि हवा बिनखांबांचा. हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

(आकृती: सैनिकांची सरळ ओळ, एका टोकाभोवती वळताना)

कवायतीत एक हालचाल असते. खांद्याला खांदा लावून उभी असलेली अख्खी ओळ एका टोकाभोवती वळते. आतल्या टोकाचा माणूस जवळजवळ जागच्या जागी पावलं आपटतो, बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकत मोठं वर्तुळ कापतो, आणि मधल्या प्रत्येकाची ढांग वेगळी. तरी ओळ सरळ राहिली पाहिजे, वाकली की सार्जंटची शिवी. आता हिशेब करा. माणशी दोन फूट धरले तर चाळीस जणांच्या ओळीला वळायला ऐंशी फुटांची त्रिज्या लागते. त्या ऐंशी फुटांत कुठंही एक खांब आला की संपलं. मंगल कार्यालयात पंगतीच्या बरोबर मध्ये खांब येतो आणि वाढप्यांची जी तारांबळ उडते, ती आठवा. इथं तर वाढपी चाळीस, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर बंदूक.

मग एवढं छप्पर पेलायचं कसं? याचं उत्तर रेल्वेवाल्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. आगगाड्यांचा धूर वर जायला उंची हवी आणि रुळांमध्ये खांब नकोत, म्हणून लोखंडी कमानींची शेड. लंडनचं सेंट पँक्रास स्टेशन १८६८ चं. त्याची कमान सुमारे २४० फूट रुंद, एका झेपेत. कमानीचं दुखणं असं, की वरच्या भारानं तिचे पाय बाहेर फाकायला बघतात. सेंट पँक्रासमध्ये ते पाय फलाटाच्या तळाखालून लोखंडानं एकमेकांना बांधून टाकले. आपण वर बघत राहतो, आणि खरं काम पायाखाली चाललेलं असतं.

न्यूयॉर्कमध्ये १८७१ साली ग्रँड सेंट्रल डेपोला अशी शेड आली. तिथून ही युक्ती उचलली सेव्हन्थ रेजिमेंटनं. पार्क अ‍ॅव्हेन्यूवर १८८० साली त्यांची आर्मरी उघडली: सुमारे २०० फूट गुणिले ३०० फुटांचा हॉल, ८० फूट उंच, मध्ये एकही खांब नाही. पुढच्या आर्मऱ्यांचा कित्ता तिथंच पडला.

आता थोडं कडू बोलायचं आहे.

कवायतीसाठी हॉल हवा हे झालं सांगायचं कारण. पण त्या काळातल्या आर्मऱ्यांचे फोटो बघा. बुरूज, तटावरचे दाते, बंदुकीची नळी जेमतेम बाहेर येईल एवढ्या फटींच्या खिडक्या. मॅनहॅटनच्या मधोमध किल्ले! कोण चाल करून येणार होतं त्यांच्यावर? कोणतं परकीय सैन्य लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरून येणार होतं?

भीती शहरातल्याच लोकांची होती. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीवरून न्यूयॉर्कमध्ये भयंकर दंगल झाली. दंगलखोरांत गरीब आयरिश मजूर मोठ्या संख्येनं होते, आणि त्यांनी कृष्णवर्णीयांना ठार मारलं, त्यांच्या मुलांचं अनाथालय जाळलं. हे झाकून ठेवण्यासारखं नाही. १८७१ च्या जुलैमध्ये आयरिश प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकीवरून पुन्हा गडबड झाली. मिलिशियानं जमावावर गोळ्या चालवल्या, साठाहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुतेक आयरिश कॅथलिक. आणि १८७७ साली देशभर रेल्वे कामगारांचा संप पेटला, तेव्हा पैसेवाल्यांची झोपच उडाली. १८८४ मध्ये न्यूयॉर्क शहरात आर्मरी बोर्ड नेमलं गेलं आणि शहराच्या पैशांतून एकामागून एक आर्मऱ्या उभ्या राहू लागल्या. माझं स्पष्ट मत असं, की त्या बुरुजांत जितकी हौस होती तितकाच धाक होता. रस्त्यावरून जाणाऱ्या मजुरानं वर बघावं आणि समजून जावं.

आणि गंमत अशी, की आपल्या गोष्टीतली ६९वी रेजिमेंट त्याच मजुरांची. आयरिश लोकांची.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला, माणसं बोटी भरभरून न्यूयॉर्कला आली. त्यांच्यातून ही रेजिमेंट उभी राहिली. १८६० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचा युवराज अल्बर्ट एडवर्ड न्यूयॉर्कला आला. सगळ्या रेजिमेंटना हुकूम: युवराजासमोर संचलन करा. ६९वीचा कर्नल मायकेल कॉर्कोरन म्हणाला, माझी माणसं येणार नाहीत. ज्या राजवटीत घरची माणसं उपाशी मेली, तिच्या युवराजाला सलामी कशी द्यायची? त्याच्यावर कोर्ट मार्शल बसलं.

हा युवराज आपल्या चांगल्या ओळखीचा आहे बरं. पुढं तो सातवा एडवर्ड झाला. १८७५ मध्ये मुंबईला येऊन गेला आणि मागाहून त्याचा घोड्यावरचा पुतळा इथं बसला. काळा घोडा! पुतळा नंतर हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला, नाव जागेला चिकटलं ते कायमचं. तर त्या काळ्या घोड्यावरच्या स्वारापुढं ज्यांनी संचलन करायला नकार दिला, ती ही ६९वी.

कोर्ट मार्शल चालू असतानाच १८६१ चा एप्रिल उजाडला, अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं आणि सरकारला माणसांची गरज पडली. आरोप मागं घेतले, कॉर्कोरन आपली रेजिमेंट घेऊन लढायला निघाला. जुलैमध्ये बुल रनच्या लढाईत पकडलाही गेला. पुढच्या वर्षी, १३ डिसेंबर १८६२ ला, फ्रेडरिक्सबर्गला आयरिश ब्रिगेडला, म्हणजे ६९वी जिच्यात होती त्या मोठ्या तुकडीला, टेकडीवरच्या दगडी भिंतीकडे चाल करून जायचं होतं. ६९वीचे हिरवे झेंडे फाटून गेले म्हणून न्यूयॉर्कला परत पाठवलेले, नवे अजून आलेले नव्हते. मग सेनापती टॉमस मीगर यानं प्रत्येकाला टोपीत बॉक्सवूडच्या झुडपाची हिरवी डहाळी खोचायला सांगितली. हिरवं काहीतरी हवं ना! त्या दिवशी ब्रिगेडची जवळपास निम्मी माणसं मेली नाहीतर जखमी झाली. ती डहाळी रेजिमेंट अजून टोपीत लावते.

एवढं करून या रेजिमेंटला शहरात जागा कोणती मिळाली? टॉम्पकिन्स मार्केटच्या वरचा मजला. खाली बाजार, वर कवायत. आणि तीसुद्धा दुसऱ्याची उतरलेली! तिथं आधी सेव्हन्थ रेजिमेंट होती, श्रीमंतांच्या पोरांची. लोक तिला ‘रेशमी मोज्यांची रेजिमेंट’ म्हणत. ती पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या नव्या वाड्यात गेली आणि तिची जुनी जागा आयरिशांना मिळाली. सेव्हन्थवाल्यांच्या नव्या आर्मरीत रंगीत काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या लुई टिफनीनं सजवलेल्या खोल्या होत्या. इकडं खाली बाजाराचा कलकलाट.

म्हणून १९०६ ची ही इमारत त्या लोकांसाठी केवढी मोठी गोष्ट असेल, विचार करा. वास्तुरचनाकार हंट अँड हंट, म्हणजे रिचर्ड आणि जोसेफ हंट हे भाऊ. त्यांचे वडील रिचर्ड मॉरिस हंट, ज्यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा चौथरा केला. या भावांनी एक धाडस केलं: किल्ला बांधला नाही. बुरूज नाहीत, तटाचे दाते नाहीत. विटांची भारदस्त इमारत, मधोमध खोल कमानीचं दार, वर मॅन्सार्ड पद्धतीचं उतरतं छप्पर. मध्ययुगीन गढीची नक्कल सोडणारी ही न्यूयॉर्कमधली पहिली आर्मरी. आणि मागच्या हॉलचं गोलसर छप्पर त्यांनी झाकलेलंही नाही. बाजूच्या रस्त्यावरून गेलात तर ते सरळ दिसतं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

(जुना फोटो: १९१३, हॉलमध्ये चित्रांचे कक्ष)

आता आली १९१३ ची गोष्ट, जिच्यामुळे या हॉलचं नाव कलेच्या इतिहासात गेलं. काही अमेरिकन चित्रकारांना मोठं प्रदर्शन भरवायचं होतं, युरोपातलं नवं काम आणून. आर्थर डेव्हिस, वॉल्ट कून, वॉल्टर पॅक ही त्यातली मुख्य मंडळी. अडचण जागेची. तेराशेच्या आसपास कलाकृती टांगायला एवढी जागा कुणाकडे असणार? ६९वीकडे होती. भाडं ठरलं ५,००० डॉलर. तात्पुरत्या भिंती घालून हॉलमध्ये अठरा अष्टकोनी कक्ष केले, भिंतींना गोणपाट लावलं. १७ फेब्रुवारी ते १५ मार्च. नाव भलं मोठं होतं, पण जग त्याला ‘आर्मरी शो’ म्हणूनच ओळखतं. चित्रं मातिसची, ड्युशाँची, सेझानची, आणि नाव झालं कवायत हॉलचं.

गर्दी कशाला झाली? मार्सेल ड्युशाँच्या एका चित्राला: जिना उतरणारी विवस्त्र आकृती. लोक शोधायला आले, त्यांना दिसल्या तपकिरी फळ्या. एकानं लिहिलं, हा तर फळकुटांच्या कारखान्यातला स्फोट. एका कलापत्रिकेनं चित्राचा अर्थ सांगणाऱ्याला १० डॉलरचं बक्षीस लावलं. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ४ मार्चला येऊन गेले आणि नंतर लेखात लिहून मोकळे झाले, की माझ्या न्हाणीघरातली नव्हाहो आदिवासींनी विणलेली सतरंजी याहून सरस आहे. आपल्याला हसू येतं, पण माणूस निदान जाऊन, बघून, मग बोलला. आज किती जण एवढं करतात?

मात्र एक सांगतो. ‘आर्मरी शोनं अमेरिकेला हादरवलं’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, त्यात थोडी फोडणी आहे. प्रदर्शनातली बरीचशी कामं अमेरिकन कलाकारांचीच होती, त्यांतली पुष्कळशी शांत आणि ओळखीच्या वळणाची. ओरड झाली ती एकदोन कक्षांवरून. खरा परिणाम पैशात दिसतो: मेट्रोपॉलिटन म्युझियमनं सेझानचं एक निसर्गचित्र ६,७०० डॉलरला घेतलं, अमेरिकेतल्या म्युझियममधलं ते पहिलं सेझान. आणि ज्याच्यावर एवढे विनोद झाले ते ड्युशाँचं चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विक्रेत्यानं घेतलं ३२४ डॉलरला. आज ते फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहे. आजच्या बाजारात त्याची किंमत काय होईल, ते तुम्हीच खाली कमेंटमध्ये लिहा.

चित्रं उतरली, गोणपाट गेलं, पुन्हा बुटांचे आवाज सुरू. चारच वर्षांत ही रेजिमेंट पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेली. टाइम्स स्क्वेअरला ज्या पाद्र्याचा पुतळा आहे, तो फादर डफी याच रेजिमेंटचा.

निक्सचं बास्केटबॉल इथं १९४६ ते १९६० पर्यंत अधूनमधून चाललं, ते सुरुवातीला सांगितलंच. पण १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये जे झालं ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. दहा कलाकार आणि बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतले सुमारे तीस इंजिनीअर एकत्र आले, नऊ संध्याकाळी त्यांनी प्रयोग केले. रॉबर्ट राउशेनबर्गनं हॉलमध्ये टेनिस कोर्ट आखलं. रॅकेटमध्ये मायक्रोफोन बसवलेला. चेंडू रॅकेटवर बसला, की स्पीकरमधून घणाघाती ‘ठण्ण’, आणि छतावरचा एक दिवा बंद. पुन्हा ठण्ण, अजून एक दिवा बंद. खेळ रंगतोय तसा काळोख वाढतोय, शेवटी चेंडूच दिसेना. मग त्या मिट्ट काळोखात काहीशे माणसं हॉलमध्ये आली आणि प्रेक्षकांना ती फक्त पडद्यांवर दिसली, इन्फ्रारेड कॅमेऱ्यांतून. त्या हॉलमध्ये आवाज सेकंदांमागून सेकंद घुमत राहतो. नाटकवाल्यासाठी हा शाप, इथं तो उपयोगी पडला.

आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर. जुळे मनोरे कोसळले, माणसं बेपत्ता झाली, आणि घरच्यांना चौकशीला यायला शहराला एकदम मोठी जागा लागली. ती हीच. लोक रांगेत उभे राहून माहिती भरून देत होते, आपल्या माणसाचा टूथब्रश, कंगवा पिशवीत घालून आणत होते, डीएनए जुळवायला. बाहेरच्या विटांच्या भिंतीवर फोटोंची पोस्टरं लागली. काही दिवसांनी हे केंद्र हडसन नदीच्या धक्क्यावर हलवलं. रेजिमेंटचे जवान स्वतः त्या ढिगाऱ्यापाशी कामाला होते.

आता तुम्ही विचाराल, हा हॉल बघता येतो का? तर, साधारणपणे नाही. ही आजही नॅशनल गार्डची चालती इमारत आहे. एखादं प्रदर्शन किंवा कार्यक्रम असेल तेव्हाच आत जाता येतं. दारावरच्या जवानाशी हुज्जत घालू नका.

बाहेरून मात्र जरूर बघा, आणि तुमच्यापैकी जे न्यूयॉर्क, न्यू जर्सीत राहतात ते बहुधा नकळत बघून आलेही असतील. कारण लेक्सिंग्टनवर दोन-तीन चौक वर चाललं की लागते ‘करी हिल’: डोशाची हॉटेलं, हिंग, कोकम, पोहे मिळणारी दुकानं. तिथलं कलुस्त्यान्स, १२३ लेक्सिंग्टन, ठाऊक असेल. त्याच इमारतीत १८८१ साली चेस्टर आर्थर यांनी मध्यरात्रीनंतर राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. तेव्हा ते त्यांचं घर होतं. पुढच्या वेळी मसाल्याची पिशवी हातात असताना दोन चौक खाली या आणि २६व्या रस्त्यावरून बाजूनं एक फेरी मारा, छताची ती कमान तिथूनच दिसते.

जमलं तर १७ मार्च गाठा, सेंट पॅट्रिक्स डे. त्या दिवशी सकाळी ६९वी कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेला जाते आणि मग फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या परेडच्या अग्रभागी चालते. टोपीत बॉक्सवूडची डहाळी आणि सोबत रेजिमेंटचे आयरिश वुल्फहाउंड कुत्रे, वासराएवढे.

आणि आतून बिनखांबांचा हॉल बघायचाच असेल तर सेव्हन्थवाल्यांची पार्क अ‍ॅव्हेन्यू आर्मरी आता कलाकेंद्र झाली आहे, तिथं तिकीट काढून जाता येतं. टिफनीच्या खोल्यांसकट तिचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात. येतो!